वरचे हुशार, खालचे नैतिक

सामायिक नद्यांचा आंतरराष्ट्रीय कायदा शिकायला हेगला जायची गरज नाही. मुक्ताईनगरच्या बसस्टँडवर उभं राहिलं तरी भागतं. तापीवर मध्य प्रदेश आपल्या वर, गुजरात आपल्या खाली. बऱ्हाणपूरकडे तोंड केलं की आपण बिचारे खालचे, सुरतेकडे केलं की दांडगे वरचे. मान फिरवायला लागतो तेवढ्या वेळात तत्त्व बदलतं.

देशाचंही तेच. जानेवारी २०२५ मध्ये ब्रह्मपुत्रेवरच्या चिनी महाधरणाबद्दल दिल्लीने खालच्यांच्या प्रस्थापित हक्कांची आठवण करून दिली. एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दिल्लीनेच १९६० चा सिंधू करार स्थगित ठेवला. कारण वेगळं होतं, मान्य. पण तिथे वरचे आपण होतो, हाही योगायोग नव्हे. वर नसलेल्याला नदीचा करार स्थगित ठेवून काय मिळणार?

जगाची तऱ्हा निराळी नाही. २१ मे १९९७ रोजी संयुक्त राष्ट्रांत सामायिक नद्यांच्या करारावर मतदान झालं. विरोधात तीनच देश: चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. तिघेही नदीच्या वरच्या अंगाला. भारत तटस्थ, पाकिस्तानही तटस्थ. पाण्याच्या बाबतीत दोघांचं इतकं एकमत क्वचितच दिसलं असेल. तो करार अमलात यायला २०१४ उजाडलं. तोवर धरणं काही थांबली नव्हती.

या करारात एक साधी अपेक्षा आहे: वरच्याने खालच्याला पाण्याची माहिती द्यावी. २०१७ मध्ये डोकलाम पेटलेलं असताना चीनने ब्रह्मपुत्रेच्या पुराचे आकडे पाठवलेच नाहीत. कोरं पत्र पाठवण्याची पद्धत आमच्या चांगदेवांची. पण चांगदेवांना निदान मायना काय लिहावा हा प्रश्न पडला होता. इकडे तापीवर हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की विसर्गाचा आकडा खाली गुजरातेत उकाई धरणाकडे जातो. तो किती मोलाचा असतो, हे २००६ च्या ऑगस्टमध्ये बुडालेल्या सुरतेला विचारा.

बाकी तापीच्या वाटपातही गंमत कमी नाही. गुजरात उकाईवर याच पाण्यातून ३०० मेगावॅटची जलविद्युत काढतो. आपण हतनूरचं पाणी दीपनगरच्या औष्णिक केंद्राला नेतो आणि कोळसा जाळून त्याची वाफ करतो. ज्याची त्याची आवड.

आता १० मे २०२५. त्या दिवशी सीमेवर शस्त्रसंधी झाली आणि भोपाळमध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेशाने तापी खोरे मेगा रिचार्ज प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. एकूण ३१ टीएमसी पाणी, त्यातलं १९ च्या आसपास आपलं. रावेर-यावलच्या केळीने सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल किती उपसलंय हे ज्याने पाहिलंय, तो या योजनेला नाव ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. फक्त सह्या मोजल्या. नदी तीन राज्यांची, सह्या दोन राज्यांच्या. बीजिंगमध्ये अशी बैठक झाली असती तर आपण अग्रलेख लिहिले असते.

पण वरचा-खालचा हा हिशेब खानदेशातच एकदा सपशेल चुकलाय. नर्मदेवरचं सरदार सरोवर गुजरातेत, म्हणजे खाली. बुडालं वर: मध्य प्रदेश, आणि आपल्याकडे अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं. नर्मदेचा लवाद १९६९ मध्ये बसला, १९७९ मध्ये उठला. महाराष्ट्राच्या पदरात २८ दशलक्ष एकर-फुटांपैकी पाव दशलक्ष, आणि विजेत २७ टक्के. पाणी येण्याच्या वर्षभर आधी पुनर्वसन करा, हेही त्याच निवाड्यात होतं. टक्केवारी सगळ्यांच्या लक्षात राहिली. सिंधू करार घडवून आणणारी जागतिक बँकच इथे कर्ज देत होती. तिनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनाचे वाभाडे काढले आणि १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नाकारलं. बँक बाहेर पडली. त्या ३३ गावांतल्या मणिबेलीला तशी सोय नव्हती.

मेगा रिचार्जमध्ये एकही गाव उठवावं लागणार नाही, असं दोन्ही सरकारं सांगतात. उत्तम. तेवढं वाक्य करारात ठळक टायपात छापून घ्या. टीएमसीचा आकडा चुकला तर १९५६ च्या कायद्याने लवाद मागता येतो. पण तो मागायचा अधिकार राज्य सरकारचा. गाव बुडालं, तर त्याने कुठलं सरकार घेऊन जायचं?