कंपाउंडपलीकडची रेंज

"काय गं, काल रात्री तुझा नवरा कुणावर ओरडत होता? पार आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं."

"लॅपटॉपवर हो, काकू! अमेरिकेची मीटिंग चालू आणि ऐन मोक्याला वायफाय गेलं. मग राउटर बंद-चालू केला, नेटवाल्याला फोनवर झापलं..."

"तुझ्या मोबाइलवर तेच वायफाय चालत होतं?"

"होतं की. मी मालिका बघत होते."

"मग त्या नेटवाल्याचा काय दोष? फोन चालतोय म्हणजे लाइन शाबूत, दुखणं लॅपटॉपचं. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला तर बाहेर गडबड समजायची. राउटर ठेवलायस कुठे?"

"लोखंडी कपाटामागे. हॉलमध्ये वायरी लोंबतात, बरं दिसत नाही."

"धन्य! लोखंडाआडून काय रेंज येणार? आणि तेव्हा मायक्रोवेव्ह लावला होतास?"

"ह्यांचं जेवण गरम करत होते."

"तेच ते! मायक्रोवेव्ह चालतो २.४५ गिगाहर्ट्झला आणि वायफायचा जुना पट्टा २.४ चा. थेट त्याच्या अंगावर!"

"तरीच जेवण गरम करायला घेतलं की हे चिडतात! मला वाटायचं, भुकेनं."

"राउटरची दोन नावं दिसत असतील, तर ५जी लिहिलेलं घे. ते मोबाइलचं नव्हे हो, पाच गिगाहर्ट्झचं. भिंतीपलीकडे कमी पोचतं, पण त्याच खोलीत सुसाट. नाहीतरी २.४ मध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यात अख्खी गल्ली घुसलीय. यादी उघडून बघ, कोपऱ्यावरच्या घरात अजून जुन्या भाडेकरूच्या नावाचं वायफाय दिसतं."

"अगंबाई! तो तर दिवाळीतच गेला. मग बिल कोण भरतं?"

"हेच मी आमच्या ह्यांना विचारलं! आणि वरच्यांच्या सुनेनं नावच ठेवलंय 'मागू नका'."

"ते आपल्यालाच हो, काकू. पण एवढं करूनही तुटत राहिलं तर?"

"लॅपटॉपला ते नेटवर्क विसरायला लाव, पासवर्ड नव्यानं टाक. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या कार्डाचं पॉवर मॅनेजमेंट दिसलं, तर तिथली बरोबरची खूण काढ. बॅटरी वाचवायला विंडोज ते कार्डच बंद करून टाकतं. नातवानं शिकवलंय मला. दुरुस्तीवाल्याकडे मात्र धावू नका. त्या बाजारातल्यानं माझ्या भाच्याच्या गळ्यात नवं कार्ड मारलं, आणि निघालं काय, तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण दाबलं गेलेलं!"

"भाचा म्हणजे तो पुण्याचा? त्याचं लग्न ठरलंय ना?"

"ठरलं होतं."

"होतं म्हणजे?"