मेतकूट लोखंडी पेटीत

ती. आई-बाबांना,


कुकर चढवलाय, कपडे ड्रायरमध्ये फिरताहेत, तेवढ्यात लिहायला बसले. आई, अस्वलाची बातमी बघून बाबांची झोप उडाली असं तू फोनवर सांगितलंस. बाबा म्हणतात, झोप तिची उडाली, मी घोरत होतो. दोघांना मिळून एकदाच सांगते : आम्ही योसेमिटीहून धडधाकट परत आलोय. ग्रिझली अस्वल आता कॅलिफोर्नियाच्या फक्त झेंड्यावर उरलंय. योसेमिटीत असतात ती काळी अस्वलं, आणि त्यांना आमच्यात काडीचा रस नाही. रस असलाच तर तुझ्या पार्सलात.

पार्सल नेमकं निघताना आलं, म्हणून मंदारनं ते तसंच गाडीत टाकलं. फाटकावर गाडीमागे ३५ डॉलर मोजून तंबूच्या जागेवर पोचतो तर रेंजरबाई हजर. नियम असा, की ज्याला म्हणून वास आहे ते रात्री गाडीत ठेवायचं नाही, तंबूत तर नाहीच नाही. प्रत्येक जागेला एक लोखंडी पेटी दिलेली असते. तिच्यात सगळं कोंबायचं आणि कडी लावायची. नाहीतर ५,००० डॉलरपर्यंत दंड! (बाबा, रुपयांत गुणाकार करण्याआधी बीपीची गोळी घ्या.) अस्वल म्हणे वासावर येतं आणि गाडीचं दार वाकवून आत शिरतं. बरं, वासाचं म्हणजे नुसतं खाणं नव्हे. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीनसुद्धा. मंदारनं मेतकुटाची पिशवी पुढे करून विचारलं, "हेही?" बाईंनी हुंगलं आणि म्हणाल्या, "हे सगळ्यात आधी." त्यामागोमाग लसणाची चटणी, डिंकाचे लाडू, आंबापोळी, उदबत्त्या आणि अमृतांजन पेटीत गेलं. मध्यरात्री ओवी खोकायला लागली, तेव्हा अमृतांजनासाठी आम्ही दोघं काळोखात बॅटरी घेऊन त्या कडीशी झटत होतो. अस्वलाला उघडता येऊ नये म्हणून केलेली कडी मंदारलाही उघडेना.

आता आप्पाकाकांचं. बहात्तराव्या वर्षी पाण्याचे कॅन घेऊन टेकडीवर रोपांना पाणी घालायला जातात म्हणून सुमनकाकू त्यांना वेड्यात काढते, आणि तू तिच्या होला हो करतेस. तिला हे वाचून दाखव. गेलन क्लार्क नावाचे गृहस्थ होते. फुप्फुसं गेलेली, डॉक्टरांनी आशा सोडलेली. मरायचंच तर डोंगरात मरू म्हणून १८५७ मध्ये ते योसेमिटीच्या दक्षिणेला वावोनात येऊन राहिले. तिथल्या मॅरिपोसाच्या राईतल्या अवाढव्य सिकोया वृक्षांचं असं वेड लागलं, की मरायचं राहूनच गेलं. १८६४ मध्ये लिंकननं ती राई आणि योसेमिटीचं खोरं जपण्यासाठी कॅलिफोर्नियाच्या हवाली केलं, आणि पुढे त्याची राखण क्लार्कांकडेच आली. मधेच कधीतरी त्यांनी स्वतःची कबर स्वतः खणून ठेवली आणि भोवती सिकोयाची रोपं लावली. गेले १९१० मध्ये, शहाण्णव पुरी व्हायला चार दिवस बाकी असताना. कबरीचं तेवढं आप्पाकाकांच्या कानावर जाऊ देऊ नकोस, उद्याच कुदळ घेऊन निघतील.

रेंजरबाईंनी सांगितलेल्या गोष्टींतला ओवीला मात्र आवडला टाय सिंग. सरकारी मोजणीवाल्यांच्या तांड्याबरोबर डोंगरात हिंडणारा चिनी आचारी. १९१५ मध्ये स्टीफन मॅदर या धनिकानं संपादक, पुढारी अशा बड्या मंडळींना सिएराच्या डोंगरात फिरवलं. हेतू असा, की त्यांनी राष्ट्रीय उद्यानांसाठी आपलं वजन खर्च करावं. ते वजन आधी वाढवलं टाय सिंगनं! रानात पांढऱ्याशुभ्र कापडावर जेवण वाढायचा. पावाचं पीठ सकाळी मळून खेचराच्या अंगालगत बांधायचा; त्याच्या उबेनं वाट चालता चालता ते फुगायचं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय उद्यान खात्याचा कायदा झाला. १८८२ पासून चिनी मजुरांना ज्या देशात यायची बंदी होती, तिथल्या एका शिखराला या आचाऱ्याचं नाव आहे – सिंग पीक.

त्या पिठापाशी मी अडकले. थंडीत तू इडलीचं पीठ बाबांच्या जुन्या स्वेटरात गुंडाळून ठेवायचीस. इथे मी ओव्हनचा दिवा लावून ठेवते. फुगतं, छान फुगतं. पण "दार लोटा रे, त्याला वारा लागेल" असं कुणी ओरडत नाही. रेंजरबाई पुढे काय सांगत होत्या ते मला मंदारला विचारावं लागलं.

असो, कुकर झाला. बंड्याचं ठरलंय की मोडलंय ते एकदा नीट कळव. तुझ्या आणि मावशीच्या बातम्यांत वधूचं नावसुद्धा जुळत नाही. टेकडीवर टाकी आणि पाइप घ्यायला मंदार आप्पाकाकांना पैसे पाठवतोय. सुमनकाकूला कळू देऊ नकोस. कळलंच, तर बाबांनी सुचवलं म्हणून सांग.

तुमची,
मीनू