हांबुर्गास जाण्याची तजवीज

परदेशगमन ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, असा जो एक समज पुण्या-मुंबईकडे रूढ असल्याचे ऐकतो, तो वैनगंगेच्या काठी आजवर कोणी मान्य केलेला नाही. भंडाऱ्यात एखादा गृहस्थ काशीयात्रेस निघाला तर आळी त्याला वेशीपर्यंत पोचविते. तो जर्मनीस निघाला तर आधी आळीच जर्मनीस जाऊन येते, आणि उरलेसुरले तपशील मग त्या गृहस्थाच्या वाट्यास येतात. आमची कन्या विवाहानंतर उत्तर जर्मनीतील हांबुर्ग या बंदरात राहावयास गेली, जावई तेथल्या विमानांच्या कारखान्यात अभियंता आहेत, आणि येत्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हां उभयतांस पाचारण केले आहे, ही वार्ता बडा बाजारापासून खांब तलावापर्यंत पोचली तेव्हा आमच्या चुलीवरच्या चहाला आधणही आले नव्हते. त्याच सायंकाळी आमच्या सपरीत एक समिती बसली. तिची नेमणूक कोणी केलेली नव्हती, तिला मुदत नव्हती, आणि तिच्या अहवालाची अपेक्षा तर नव्हतीच. चहाचा खर्च तेवढा आमच्या खाती पडत असे.

अध्यक्षपद अर्थातच निवृत्त पटवारीसाहेबांकडे गेले. ज्या मौजाचा नकाशा समोर नाही त्या मौजाविषयी चकार शब्द काढायचा नाही, हा दंडक त्यांनी नोकरीत कितपत पाळला होता हे सांगता येत नाही, परंतु निवृत्तीनंतर ते तो कसोशीने पाळतात. शेजारच्या शाळकरी पोराचा नकाशासंग्रह मागवून सतरंजीवर पसरण्यात आला, पंख्याच्या वाऱ्याने पान उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर अडकित्ता आणि दुसऱ्यावर चुन्याची डबी ठेवण्यात आली, आणि पटवारीसाहेबांचे बोट बर्लिनवरून वायव्येस सरकत सरकत हांबुर्गवर येऊन थांबले. थांबले ते थांबलेच. हांबुर्ग एल्ब नदीच्या काठी होते. समुद्र मात्र तेथे नव्हता, तो पुढे शंभराहून अधिक किलोमीटरांवर होता.

"समुद्र नाही, आन् बंदर कसं म्हनतेत जी?" चिखल्याच्या मँगनीज खाणीत हयात घालविलेल्या मुकादमांनी पृच्छा केली.

भरतीचे पाणी नदीतून थेट शहरापर्यंत चढते आणि अगडबंब जहाजे त्याच मार्गाने आत येतात, हे मी यथाशक्ति विशद केले. तरीही समितीच्या मुद्रेवरचा अविश्वास हटेना, तेव्हा मला घरचा दाखला द्यावा लागला. भंडारा रोड नावाचे आमचे स्टेशन वरठीस आहे आणि तुमसर रोड नावाचे स्टेशन देव्हाडीस आहे. तेव्हा समुद्रापासून दूर बसलेल्या बंदरास नावे ठेवण्याचा अधिकार या भूतलावर ज्या थोड्या लोकांना पोचत नाही, त्यांत आपली गणना होते, असे मी नम्रपणे निदर्शनास आणताच तो मुद्दा निकालात निघाला.

पटवारीसाहेबांचे हांबुर्गवर खरे प्रेम जडले ते मात्र नकाशामुळे नव्हे, एका बनावट दस्तऐवजामुळे. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने ११८९ साली एल्बेवरून समुद्रापर्यंत जकातमाफीने व्यापार करण्याची सनद हांबुर्गकरांस दिली, अशी त्या लोकांची धारणा. त्या सनदेवरचा दिनांक ७ मे, आणि म्हणून दरसाल त्या दिवसाच्या आगेमागे जहाजे शृंगारून, लाखो माणसे जमवून, बंदराचा वाढदिवस थाटात साजरा होतो. इतिहाससंशोधकांचे म्हणणे असे की, जी सनद पुढे करतात ती बार्बारोसाच्या काळची नसून पुढल्या शतकात कोणीतरी रचलेली आहे. हे ऐकून पटवारीसाहेबांनी चश्मा काढला, उपरण्याने पुसला, आणि परक्या मुलुखात गाववाला भेटावा तसा त्यांचा चेहरा उजळला. "कागद जुना दिसावा म्हणून त्यांनी काय लावलं असेल?" त्यांनी विचारले. "आमच्या वेळेस चहाचं पाणी लावत." मग क्षणभर विचार करून त्यांनी निवाडाही दिला. सनद खोटी असेल, परंतु आठशे वर्षांची वहिवाट आहे, कब्जा निर्वेध आहे, आणि शेजारच्या कोणी हरकत घेतलेली नाही. सबब फेरफार मंजूर.

येथवर सारे सुरळीत होते. पुढे व्हिसाचा प्रश्न आला. मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे करावयाच्या अर्जासोबत कोणकोणते कागद जोडावेत याची फेरिस्त कन्येने पाठविली, ती पाहून सपरीत प्रथमच शांतता पसरली. कारण तहसील कचेरीहून अधिक कागद मागणारी कचेरी जगात असू शकते, ही कल्पनाच सभासदांना नवीन होती. बँकेचा खातेउतारा, आयकराची विवरणपत्रे, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, माणशी ९० युरो शुल्क आणि ३५ गुणिले ४५ मिलिमीटरांचे एक छायाचित्र, ज्यात मनुष्याने हसता कामा नये. आमच्या छायाचित्रकाराचे सारे आयुष्य नवरा-नवरीला "थोडं हसा जी" असे सांगण्यात गेलेले. त्याला ही अट समजावून देता देता आमची मुद्रा आपोआपच नियमास अनुकूल अशी झाली.

परंतु फेरिस्तीतील सर्वात मनोवेधक कागद जामिनकीचा होता. पाहुण्याच्या सर्व खर्चाची, प्रसंगी त्याला परत पाठविण्याच्याही खर्चाची हमी यजमानाने तेथील सरकारी कचेरीत जाऊन २९ युरो भरून लिहून द्यावयाची असते. ज्या जावयाचे रुसवे काढण्यात आमच्या सासरेपणाची उमेदीची वर्षे खर्ची पडली, त्याच जावयाने आमच्या वर्तणुकीबद्दल परकीय सरकारास मुचलका लिहून द्यावा, हा उलटा व्यवहार आळीने फार चवीने चघळला. सौभाग्यवतींना यात काहीच वावगे दिसले नाही. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता तरी तुम्ही नीट वागाल."

दुसरी अडचण तत्त्वाची होती. अर्जदार परत येणारच, याची खात्री पटल्यावाचून व्हिसा मिळत नाही. म्हणजे हांबुर्गास जाण्याची परवानगी हवी असेल तर हांबुर्गात राहण्याची इच्छा नाही हे आधी शाबीत करावयाचे. यावर पटवारीसाहेबांनी आमच्या दोन एकर धानाच्या शेताचा सातबारा जोडण्याची सूचना केली, आणि लाखांदुराकडून तांदूळ घेऊन आलेल्या आमच्या साडूंनी तिला असे सज्जड अनुमोदन दिले की, ते वकिलातीस ऐकविता आले असते तर सारे कागद अनावश्यक ठरते. "जुलैत रोवणी हाये ना जी!" ते म्हणाले. "रोवणीले मानूस घरी येनार नाही त कुठं जाईल?" झाडीपट्टीतला शेतकरी, ज्याच्या मामा तलावाला पाणी आले आहे आणि ज्याचे परे रोवणीस तयार झाले आहेत, तो बर्लिनचे राज्य देऊ केले तरी तिकडे थांबणार नाही, हे सत्य आहे, पण जर्मन सरकारच्या नमुन्यात रोवणीसाठी रकानाच नाही. सबब प्रयाण जूनच्या आरंभी आणि पुनरागमन रोवणीच्या आत, असे ठरले.

जून ठरताच घरातून हरकत आली. हांबुर्ग इतके उत्तरेस आहे की जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पाच वाजण्यापूर्वी पुन्हा हजर होतो. दिवेलागणीनंतर झाडू मारू नये, सूर्यास्ताला निजू नये, असे जे असंख्य निर्बंध सौभाग्यवतींनी हयातभर पाळले, त्यांची अंमलबजावणी तेथे कोणत्या घड्याळाने करावयाची? शिवाय संकष्टी. चंद्रोदय मध्यरात्रीच्या सुमारास होणार, म्हणजे उपास सोडताना तिथी कोणती आणि तारीख कोणती याचा उलगडा करण्यास घरी ज्योतिषी ठेवावा लागेल. उपास भंडाऱ्याच्या चंद्रोदयाप्रमाणे सोडावा, म्हणजे तिकडच्या साडेतीन तास मागे असलेल्या घड्याळात लख्ख उन्हात जेवता येईल, असा तोडगा मी सुचविला. तो धर्मबाह्य ठरवून फेटाळण्यात आला.

प्रेक्षणीय स्थळांची चर्चा त्या मानाने लवकर आटोपली, कारण समितीवर कशाचाच प्रभाव पडेना. एल्बेच्या तळाखालून १९११ साली खोदलेला बोगदा आहे, २४ मीटर खोल आणि ४२६ मीटर लांब, त्यात पाळण्यातून माणसे उतरतात, असे वाचून दाखविताच मुकादमांनी जांभई दिली; चिखल्यात ते याहून खोल रोज उतरत, आणि तेही पगार घेऊन. शहरात सुमारे अडीच हजार पूल आहेत, ह्यावर कारध्याच्या पुलावरून पावसाळ्यात पाणी बघायला जाणाऱ्या मंडळींनी "असतील" एवढेच म्हटले. विटांच्या जुन्या वखारींचा तो विस्तीर्ण भाग, जो ओक वृक्षाच्या खांबांवर उभा असून २०१५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्यात कॉफी, चहा, मसाले आणि गालिचे साठवीत, हे ऐकून साडूंनी धानाची चौकशी केली. धान तिकडे पिकत नाही हे समजल्यावर त्यांची उत्सुकता मावळली. एल्बफिलहार्मोनी या संगीतगृहाचे मात्र नाव काढावे लागले, कारण ते पाहिल्याशिवाय कन्या आम्हांस परत पाठविणार नाही. जुन्या गोदामाच्या डोक्यावर उभारलेल्या काचेच्या या प्रासादास आरंभी सार्वजनिक तिजोरीतून ७.७ कोटी युरोंचा अंदाज होता, जानेवारी २०१७ मध्ये तो उघडेपर्यंत एकूण खर्च सुमारे ८६.६ कोटींवर गेला, आणि या अकरापट वाढीने जर्मनीत वर्षानुवर्षे गहजब झाला. समितीने हे अनुकंपेने ऐकले. आमच्या पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचा अंदाज १९८३ साली ३७२ कोटी रुपयांचा होता, १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते कोनशिला बसली, आणि आकडा पुढे १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. "अकरापटच?" पटवारीसाहेब म्हणाले. "नवखे दिसतात."

एकाच गोष्टीपुढे सपरी गप्प झाली. ११ सप्टेंबर १९४२ रोजी हांबुर्गच्या अटलांटिक हॉटेलात, सुभाषबाबूंच्या उपस्थितीत, जर्मन-भारतीय संस्थेच्या उद्घाटनप्रसंगी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत म्हणून वाद्यवृंदावर वाजविले गेले; घटना समितीने ते स्वीकारले १९५० च्या जानेवारीत. ते हॉटेल आजही तळ्याकाठी उभे आहे. मुकादम ताठ बसले आणि म्हणाले, "तिथं जाऊन उभे राहा जी. बाकी काही पाहू नका, चालते."

आता सामान. उजव्या हाताचे आमचे शेजारी कासार. स्टेनलेस स्टीलने त्यांचा पिढीजात धंदा अर्ध्यावर आणला, तरी भंडाऱ्याच्या पितळेचा अभिमान पुरा शाबूत आहे. युरोपातील तांबे गाळणाऱ्या अग्रगण्य कारखान्यांपैकी ऑरुबिस हा हांबुर्गात असून तेथे भंगारातूनही तांबे काढतात, हे कळल्यापासून ते त्या शहराचा उल्लेख आदराने करू लागले, आणि मोडीचा तिकडचा भाव विचारून येण्याच्या बोलीवर त्यांनी आमच्या मुलीसाठी एक भरभक्कम पितळी गुंड आणून ठेवला. साडूंनी चिन्नोर तांदूळ आणला. कोणी तिळाची चटणी, कोणी मोहरीचे लोणचे, आणि एका काकूंनी म्यूनिकच्या आपल्या नातवासाठी तुपाचा डबा, "जाता जाता देऊन द्या" म्हणून. म्यूनिक हांबुर्गापासून वेगवान रेल्वेनेही साडेपाच तासांवर आहे, हे त्यांना सांगण्याचे धैर्य अद्याप कोणास झालेले नाही.

पेट्या तोलण्यासाठी अडत्याच्या काट्यावर नेल्या. हमालाने नेहमीच्या सवयीने पेटी कट्ट्यासारखी पाठीवरून काट्यावर आपटली, आकडा पुकारला, "साडेपंचवीस!" आणि त्याच दमात म्हणाला, "ओलाव्याची घट काढली की तेवीस भरते." सरकारी खरेदीत धानाला १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, हे या जिल्ह्यात लहान पोरही जाणते; तेव्हा विमानतळावर पेटीतील लोणच्याचा ओलावा वजा करून मिळेल काय, याची विचारणा करण्याचे अडत्याने गंभीरपणे सुचविले.

त्यातच युरोपच्या जकातीचे नियम हाती आले. दूध व मांस यांपासून केलेला कोणताही पदार्थ बाहेरच्या देशांतून सामानात नेण्यास मनाई. म्हणजे तूप गेले, पेढे गेले. ओला सांबार, कढीलिंब, आंबे, लिंबे ही वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत. दाखल्यावाचून ज्या पाच फळांना मुभा आहे ती अशी: केळी, नारळ, खजूर, अननस, आणि पाचवे ड्युरियन नावाचे, जे भंडाऱ्यात कोणी पाहिलेले नाही. युरोपच्या सरकारने आपल्याला न विचारता ओटीची व्यवस्था करून ठेवलेली पाहून सौभाग्यवतींचे त्या खंडाविषयीचे मत एकदम सुधारले.

तरी आळीतील सर्व संबंधितांस या लेखाद्वारे कळविण्यात येते की, आमच्या तिकिटावर माणशी २३ किलोंपेक्षा अधिक वजनास मंजुरी नाही, त्यांपैकी बराचसा भाग कासारांच्या गुंडाने व्यापला आहे, आणि विदर्भ एक्सप्रेस वरठीहून निघण्यापूर्वी पेट्यांना कुलूप लागेल. ज्यांनी तूप, पेढे व खवा ठेवला आहे त्यांनी तो येत्या रविवारपर्यंत परत न्यावा. नारळ राहू द्यावेत.