जोड्या लावा

"ताई, रागावू नका, पण विचारूनच टाकते. तुमच्या हॉलच्या भिंतीवर त्या चिठ्ठ्या आणि लाल दोरे कसले? पलीकडच्या आजी तर म्हणाल्या, सीआयडीचं शूटिंग चाललंय."

"तपासच आहे तो! सुनेची नेट परीक्षा आहे ना, तौलनिक साहित्याची."

"अगंबाई! आणि त्या जाडजूड फायली?"

"गेल्या माळ्यावर. फ्रान्सची एक, जर्मनीची एक, बंगालची एक, मराठीची एक. दिसायला झकास. पण या विषयात कुणाचं कुणाशी काय, तेच जास्त विचारतात. एका प्रश्नाला तीन फायली उपसायच्या. म्हटलं, अगं, नात्यावरून लाव की! आपण गल्लीतली माणसं कशी ध्यानात ठेवतो?"

"कोण कुणाची, कुठे दिली आणि तिथे जाऊन किती बदलली."

"तेच! आता एका नात्याला एक कार्ड. पुढे दोन्हीकडची नावं नि सालं. मागे तीनच ओळी: कुठून आलं, वाटेत काय बदललं, इथे का रुजलं."

"एखादं सांगा ना."

"शॉचं 'पिग्मॅलियन' 1913चं. आपल्याकडे 1975 साली पुलंची 'ती फुलराणी' झाली."

"भक्ती बर्वेची! मी पाहिलंय हो."

"मग तुम्हीच सांगा, काय बदललं?"

"लंडनची फूलवाली इथे मराठी बोलायला लागली. पण बोलीवरून माणसाची पायरी ठरवायची खोड मात्र दोन्हीकडे सारखीच."

"बघा, झालं कार्ड! दुसऱ्यात तर तीन पिढ्या आहेत. जॉन गे यांचं 'बेगर्स ऑपेरा' 1728चं, त्यावरून ब्रेख्तचं 'थ्री पेनी ऑपेरा' बरोब्बर दोनशे वर्षांनी, 1928 साली. आणि त्यावरून पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा', 1978चा. सालांचा क्रम लावायचा प्रश्न आला, तर या एका कार्डावर भागतं."

"म्हणजे नुसती उसनवारी शोधायची?"

"तिथेच तर भांडण आहे! फ्रेंच घराणं म्हणायचं, कुणी कुणाकडून घेतलं त्याचा पुरावा आणा. 1958 साली समीक्षक रेने वेलेकनं त्यांना झाडलं की हा नुसता आयात-निर्यातीचा हिशेब झाला, यात साहित्य कुठाय? तेव्हापासून अमेरिकी घराण्याचा जोर वाढला. त्यांना देवाणघेवाण नसली तरी चालते, साम्यभेद पाहायचे. म्हणून सुनेचे दोरे दोन रंगांचे. लाल म्हणजे घेतलेलं, हिरवा म्हणजे नुसतं सारखं."

"हिरव्यात कोण?"

"मल्याळममधली चंदू मेनन यांची 'इंदुलेखा' 1889ची. आपल्या हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 1890पासून 'करमणूक' साप्ताहिकात यायला लागली. दोन्हीकडे मुलीच्या लग्नाचा नि शिक्षणाचा प्रश्न. पण इंदुलेखा मागणी घालणाऱ्या नंबुद्रीला ठाम नकार देते, आणि आपली यमू सोसत राहते. का, ते लिहिता आलं तर विषय कळला म्हणायचं."

"हे मेनन कोण हो?"

"न्यायखात्यातले. आधी डिझरायलीच्या एका इंग्रजी कादंबरीचं भाषांतर करायला बसले होते. मनासारखं होईना, तेव्हा स्वतःचीच लिहिली. म्हणजे हिरव्या दोऱ्याच्या टोकाला एक बारीकसा लालही निघालाच!"

"घराघरात असतंच की असं. मग गटे, टागोर वगैरे मोठी मंडळी कुठे?"

"ती दारावर. 1827 साली गटे एक चिनी कादंबरी वाचून विश्वसाहित्याची भाषा करायला लागले. टागोरांचं 'विश्वसाहित्य'वरचं व्याख्यान 1907चं. जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसूंनी तौलनिक साहित्याचा विभाग उभा केला, ते 1956. येता-जाता नजर पडते, पाठ होतं."

"मला तर वाटतं, परीक्षेला तुम्हीच बसावं. जोड्या लावण्यात तुमचा हात कोण धरणार?"

"थट्टा पुरे. पण एक नियम सुनेनं मलाच घालून दिलाय. जे नुसतं ऐकलेलं, 'अमक्यानं तमक्यावरून घेतलं म्हणे' असलं, ते पेन्सिलीनं लिहायचं. मूळ पुस्तकात नाहीतर प्रस्तावनेत सापडलं की मगच पेन. गुगलवर दिसलं तरी पेन्सिलच!"

"बरं झालं सांगितलंत. ताई, कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं ठरलेलं लग्न मोडलं म्हणे."

"पेन की पेन्सिल?"

"पेन्सिल."

"मग हळू बोला, आणि पहिल्यापासून सांगा."