अंड्याचं गाव कोणतं?

रविवारी सकाळी वारजे माळवाडीत सुजाण पुणेकर भाजी कशी घेतो, ते पाहण्यासारखं असतं. मेथीची जुडी तो उलटीपालटी करतो, भेंडीचं टोक मोडून पाहतो, वांग्याच्या देठाशी अळी शोधतो आणि कोथिंबिरीच्या चार काड्या वरती मागून घेतो. मग तो अंड्यांच्या टोपलीपाशी येतो. खाली भाताचं तूस, त्यावर तपकिरी अंडी आणि मागे पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेलं 'गावरान'. इथे त्याची सगळी चिकित्सा एका प्रश्नात आटोपते.

"गावरानच ना?"

"एकदम गावरान, साहेब."

झाली तपासणी. पांढऱ्या अंड्याच्या दुप्पट दर मोजून साहेब घरी जातात.

या श्रद्धेला 2025च्या जानेवारीत चांगलंच बळ मिळालं. मुठेच्या पलीकडे, सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकामागून एक सापडू लागले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला. हा कोंबडीच्या आतड्यात सुखानं नांदतो, तिला त्रास देत नाही आणि माणसाला गाठतो ते दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून. संशयाची सुई आधी विहिरीच्या पाण्याकडे वळली आणि मग खडकवासल्याच्या आसपासच्या पोल्ट्रींकडे. तिथल्या कोंबड्यांचेही नमुने घेतले गेले. फेब्रुवारीत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सांगितलं, की कोंबड्या मारण्याची गरज नाही, चिकन नीट शिजवून खा.

सल्ला साधा होता, म्हणूनच तो कुणाला पटला नाही. नदीच्या अलीकडे वारज्यात चिकनचे बेत रद्द झाले, वर्षभर न बदललेले पाण्याचे फिल्टर एका आठवड्यात बदलले गेले आणि गावरान अंड्यांना मागणी आली. हा जिवाणू अंड्यातून क्वचितच येतो आणि उकळत्या पातेल्यात टिकत नाही, हे कुणी विचारलं नाही. मोकळी फिरणारी कोंबडी गटाराकाठीही चोच मारते, तिचं आतडं काही सोवळ्यातलं नसतं, हेही नाही.

आता त्या तपकिरी रंगाचं बघू. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, तिच्या संस्कारांवर नाही. पांढऱ्या लेगहॉर्नचं अंडं पांढरं, ऱ्होड आयलंड रेडचं तपकिरी. पुण्यातच मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वरा समूहाची बीव्ही-300 ही कोंबडी पांढरी अंडी देते आणि बीव्ही-380 तपकिरी. दुसरीही पहिलीसारखीच पिंजऱ्यात बसून, मोजून दिलेलं खाद्य खाऊन वर्षाला तीनशेच्या घरात अंडी घालू शकते. बलक केशरी हवा? खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घातला की झालं. तेवढाही खटाटोप नको असेल, तर पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून 'देशी' करणारे कलावंत आहेतच. रंगवलेल्या अंड्यांचे साठे अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. आपण त्या वाचतो, हळहळतो आणि मंडईत जाऊन रंगच बघतो.

पिंजऱ्यातल्या कोंबडीला साधारण 450 चौरस सेंटिमीटर जागा मिळते. झेरॉक्सचा ए-फोर कागद 623 चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे बाईंचा कार्पेट एरिया एका कागदापेक्षा कमी, त्यातच जन्म काढायचा आणि बाल्कनी नाही. फ्लॅटच्या कार्पेट एरियात दोन फूट कमी भरले म्हणून बिल्डरला महारेरात खेचणाऱ्या वारजेकराला हे दुःख खरं तर लगेच कळायला हवं. विधी आयोगानं जुलै 2017 मध्ये 269वा अहवाल नेमक्या याच विषयावर दिला. युरोपीय संघानं तर असे जुने पिंजरे 1 जानेवारी 2012 पासून बंदच केले. तिथे प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो. 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे मोकळ्या रानातलं, 2 म्हणजे शेडमध्ये जमिनीवरचं, 3 म्हणजे पिंजऱ्यातलं. पुढे देश आणि फार्मचा क्रमांक. आपल्या अॅगमार्कमध्ये अंड्याची प्रतवारी वजनावर होते: 60 ग्रॅम आणि वर असेल तर सर्वांत मोठं, 53 ते 59 मोठं, तसंच खाली 38 पर्यंत. कोंबडी कशी राहिली, हा प्रश्न त्या तराजूत बसत नाही.

सरकारचीही अडचण आहे. जानेवारी 2023 मध्ये पशुसंवर्धन विभागानं सांगितलं, की महाराष्ट्रात रोज एक कोटीहून जास्त अंडी कमी पडतात. ती तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूतून येतात. त्यावर सुचवलेल्या उपायात लेगहॉर्न कोंबड्या होत्या आणि सोबत पिंजरेही होते.

मग छोट्या फार्मचं अंडं सुरक्षित का? आपोआप नाही. 2006च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या मोठ्या पोल्ट्र्यांत सापडला, हे खरं. पण जानेवारी 2021 मध्ये तोच आजार परभणीजवळच्या मुरुंबा गावातल्या कोंबड्यांतही निघाला. जिथे कचरा जळतो, तिथल्या राखेत चोच मारणाऱ्या कोंबडीच्या अंड्यात डायॉक्सिन साठतं, हे युरोपातल्या परसातही दिसलं आहे. आणि 'देशी' म्हटलं की डोळे मिटण्याची सवय किती महाग पडते, ते सांगली जिल्ह्यातल्या कडकनाथवाल्यांना विचारावं. महागडी अंडी परत विकत घेण्याच्या वायद्यावर शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले, 2019 मध्ये डोलारा कोसळला आणि त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या फेकल्या गेल्या.

छोट्या फार्मची खरी सोय वेगळी आहे. तो जवळ असतो आणि तिथे जाऊन विचारता येतं. वारज्याहून मुळशी, भोर, वेल्हे काही लंडनला नाहीत. पिल्लं खडकीच्या सरकारी उबवणी केंद्रातली की आणखी कुठली? मानमोडीची लस दिली का? औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी विकली नाहीत? कोलिस्टिन हे माणसाचं अखेरचं प्रतिजैविक. खाद्यप्राण्यांना ते द्यायला जुलै 2019 पासून देशात बंदी आहे, हे माहीत आहे का? अंडी कधीची? ब्रिटनमध्ये 1988 साली अंड्यातल्या साल्मोनेलावरून एका मंत्रीणबाईंचं पद गेलं. पुढे त्या देशानं कोंबड्यांना लस टोचली, अंड्यांवर सिंहाचा शिक्का मारला आणि 2017 मध्ये गरोदर बायकांनाही हाफ-बॉइल खायची मुभा दिली. आपल्याकडे शिक्का नाही, म्हणून प्रश्न तरी हवेत. वारजेकर मात्र अंडं पाण्यात टाकून बघतो. तरंगलं तर ते जुनं, एवढंच त्यातून कळतं. कोंबडीनं काय खाल्लं, ते पाणी सांगत नाही.

शिवाय हिशेबही कुणी मांडत नाही. आहारतज्ज्ञांची शिफारस माणशी वर्षाला 180 अंड्यांची. चौघांच्या घराला 720. अस्सल गावठी कोंबडी वर्षाला 60 ते 80 अंडी घालते, म्हणजे घरटी दहा कोंबड्या. शंभर फ्लॅटच्या सोसायटीला हजार, कोंबडे वेगळे. वारज्यात अशा सोसायट्या किती आणि मावळ, मुळशी, भोरच्या परसांत कोंबड्या किती, याचा मेळ घालायला सीए लागत नाही. तरीही टोपल्या बारा महिने भरलेल्या.

परवा एका सोसायटीच्या फाटकाशी मुळशीकडच्या मावशी आल्या. ठरलेली तीस अंडी आणायची होती, आणली अकरा. "कोंबड्या खुडूक बसल्यात, अजून पंधरा दिवस कमीच निघतील," त्या म्हणाल्या. लस कधी दिली, भरडा कुठला, सगळं त्यांना तोंडपाठ होतं; कुणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि ग्रुपवर मेसेज टाकला, 'सप्लाय अनियमित, व्हेंडर बदलावा.' दहा मिनिटांत अॅपवरून खोकी आली. सहा-सहा तपकिरी अंडी, एका मापाची, वर हिरव्या कुरणात हसणाऱ्या कोंबडीचं चित्र. ठराव एकमतानं मंजूर झाला.