बुश झिजला आहे, हालचाल फाजील नाही

कॉव्हेंट्री, रविवार

ती. मामा आणि ती. आत्या यांस,
कॉव्हेंट्रीहून तुमच्या सुनेचा शि. सा. न. वि. वि.

रोज फोन होत असताना हिने पत्र का घातलं, असं आत्या म्हणतील. कारण असं की फोनवर हे शेजारी बसलेले असतात, आणि गाडीचा विषय निघाला की माझ्या हातातून फोन काढून घेतात. ‘‘बुश बदलले, किरकोळ काम होतं,’’ असं यांनी मामांना सांगितलं. त्यातलं ‘बदलले’ एवढंच खरं. बाकीचं मी लिहिते. मामांनी चष्मा लावून वाचावं, आणि आत्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचावं.

इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची तपासणी करून घ्यावी लागते. तिला एमओटी म्हणतात. 1960 साली हा प्रकार सुरू झाला तेव्हा दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांनाच तो लागू होता, आता सहसा कोणाची सुटका नाही. तपासणारा जे काही लिहितो ते सरकारी वेबसाइटवर चढतं, आणि गाडीचा नंबर ठाऊक असलेला कोणीही ते उघडून वाचतो. आमची गाडी पास झाली, पण खाली शेरा आला : पुढच्या सस्पेन्शन आर्मचा रबरी बुश झिजला आहे, हालचाल मात्र फाजील नाही. आत्या, हे वाचून मला तुमचे गुडघेच आठवले. डॉक्टरांनी तुम्हाला तरी वेगळं काय सांगितलं होतं?

तसं पाहिलं तर गाडी बरेच महिने सांगतच होती. स्पीडब्रेकर आला की डावीकडून ‘खट्’. ब्रेक दाबला की गाडी हळूच कडेला ओढायची. यांनी त्यावर रेडिओचा आवाज वाढवण्याचा उपाय शोधून काढला होता. सरकारी शेरा आल्यावर तो उपाय चालेना.

गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून हे घरी येईपर्यंत गप्प होते. बुश स्वस्तच असतात हो, मजुरी मारते. आपल्याकडे शिक्रापूरच्या चौकात गाडी लावायची, समोर चहा घ्यायचा, तोवर पोरगं गाडीखाली गेलेलं असतं आणि त्याचे नुसते पाय दिसत असतात. इथे तासावर पैसे. तेव्हा यांनी जाहीर केलं, ‘‘मी इंजिनिअर आहे, घरीच करतो.’’ मामा, तुमचा मुलगा इंजिनिअर आहे यात वाद नाही. पण तो संगणकाचा. त्याने आजवर उघडलेली सगळ्यात अवजड वस्तू म्हणजे लोणच्याची बरणी.

खरं म्हणजे या घरात पाना धरायला शिकले ते भाऊजी. मार्क कमी पडले म्हणून तुम्ही त्यांना पाबळच्या विज्ञान आश्रमात घातलंत, तेव्हा पाव्हण्यांनी नाकं मुरडली होती, हे आत्यांनीच मला सांगितलंय. अमेरिकेत इलिनॉयला डॉक्टरेट केलेले डॉ. कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं काम सोडून 1983 साली पाबळला येऊन बसले, ते गावातल्या पोरांना वेल्डिंग, सुतारकाम, विजेचं काम हातानं करून शिकवायला. जीपचे जुने भाग लावून छोटा ट्रॅक्टर केला त्यांनी तिथे. तो माणूस अमेरिकेत शिकून पाबळला आला आणि आमचे हे पाबळ ओलांडून कॉव्हेंट्रीला आले. मोटारींच्या गावात! 1896 साली इथे मोटारींचा धंदा सुरू झाला. 2008 साली टाटांनी जग्वार घेतली तेव्हा तुम्ही पेढे वाटले होते ना, तिचं मुख्य ऑफिस आमच्या घरापासून लांब नाही. पण गावच्या पाण्यातून काही अंगात उतरत नाही, एवढं मी पाहिलं.

गेल्या आठवड्यात शनिवारी सकाळी काम काढलं. मागच्या चाकांना विटा लावल्या, गाडी जॅकवर घेतली. शेजारचे आजोबा रायटनच्या प्यूजोच्या कारखान्यात होते. तो कारखाना 2006 च्या अखेरीस बंद झाला, तेव्हापासून ते बागेतल्या कुंड्यांवर देखरेख करतात. त्यांनी न बोलता दोन लोखंडी घोड्या आणून गाडीखाली लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नसतं. आजोबा फार बोलत नाहीत. चहाचा कप घेऊन उभे राहतात आणि ‘‘हं’’ म्हणतात. त्या ‘हं’चे किती अर्थ होतात ते मला संध्याकाळपर्यंत कळले.

पहिलाच बोल्ट जाम. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून खडेमीठ टाकतात, चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं. ते खालून उडून गाडीचं लोखंड खातं. नट कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं. यांनी जोर लावला, मग दोन्ही पाय टेकवून जोर लावला, मग इंग्रजीतून शिव्या दिल्या, मग आपल्या गावच्या, केंदूरच्या दिल्या. नट जागचा हलला नाही. आजोबांनी ‘‘हं’’ केलं.

मी गुपचूप भाऊजींना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार टळली होती, ते कांद्याला दारं धरत होते. चिखलात उभ्या उभ्याच त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘‘वहिनी, दादाला म्हणावं, आधी किंचित आवळ. गंज मोडू दे. मग सोड. आणि पान्याला पाइप घाल, हात लांब कर.’’ हे म्हणाले, ‘‘सोडायचाय, आवळायचा नाही, एवढं मला कळतं.’’ मी पाइप पुढे केला. आवळायच्या बाजूला नट कुरकुरला, आणि मग सोडायच्या बाजूला असा सुटला की हे गवतात बसले.

आर्म बाहेर आला तेव्हा दोष दिसला. आत्यांना कळावं म्हणून सांगते : बुश म्हणजे बाहेर एक लोखंडी कडं, आत एक नळी, आणि दोन्हींना चिकटून मधे रबर. रस्त्याचा धक्का रबराने खायचा आणि आपल्यापर्यंत येऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. आमच्या बुशाचं रबर आतल्या नळीपासून अर्धं सुटलं होतं. बोट आत जात होतं.

जुनं कडं आर्ममधून निघेना. रबर जाळून काढतात असं यांनी कुठेतरी पाहिलं होतं. एवढा धूर केला असता तर गल्लीतल्या कोणीतरी बंब बोलावला असता. शेवटी ड्रिलने रबर पोखरलं, आतली नळी काढली, करवतीचं पातं आत घालून कड्याला चीर पाडली आणि छिन्नीने ते आत मुडपलं. हे काम आजोबांनी केलं. हे बॅटरी धरून उभे होते. फोनवर सांगताना यांनी ‘आम्ही’ म्हटलं, ते इथलं.

नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये होता. थंडीने अंगानं जरासा आकसतो म्हणून, आणि आर्म तापवला की त्याचं भोक जरासं फुगतं म्हणून. फ्रीजरमध्ये तो माझ्या ओल्या खोबऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता. आर्म तापवायला कॉव्हेंट्रीत ऊन कुठलं, त्यामुळे माझं केस वाळवायचं यंत्र गेलं. आता त्याला गाडीचा वास येतो, आणि लेकीला तो आवडतो.

या बुशाच्या रबरात दोन रिकाम्या खाचा असतात, आणि त्यांचा रोख नेमका जुन्यासारखा यावा लागतो. जुना काढायच्या आधी मी त्याचा फोटो काढला होता. ‘‘फोटो कशाला, लग्न आहे का?’’ असं हे म्हणाले होते. नंतर तोच फोटो मोठा करून आर्मवर खडूने खूण केली. लांब बोल्ट, जाड वायसर आणि मोठी गोटी लावून नट फिरवत गेले, तसा बुश सरकत सरकत आत बसला. बसताना ‘टक्’ झालं. आजोबांचं ‘‘हं’’ त्या वेळी अगदी वेगळं होतं.

आणि मग मामा, तुमचा आवाज. भाऊजींच्या हातातून तुम्ही फोन घेतलात आणि ‘‘लोंबत्या चाकावर बुश आवळू नको रं!’’ असे ओरडलात, तेव्हा आजोबांच्या कपातला चहा सांडला. त्यांना मराठी येत नाही, पण मी इंग्रजीत सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, कारण तेही तेच सांगायला निघाले होते. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी धरली जाते, ती फिरत नाही, रबरच पिळतं. चाक हवेत असताना आवळलं तर गाडी खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच पुन्हा फाटतं. केंदूर, पाबळ, शिक्रापूर अशी वडापची जीप तुम्ही चालवलीत, दाराला लोंबकळणाऱ्यांसकट, आणि पाट्यांचे बुश दर पावसाळ्यानंतर स्वतः बदललेत. ते सगळं त्या एका ओरडण्यात होतं. आम्ही चाकं लाकडी ठोकळ्यांवर उतरवली, गाडी आपल्या वजनावर उभी केली आणि मगच शेवटचं आवळलं. आजोबांच्या टॉर्क पान्याने, मापात.

‘खट्’ गेलं. चाकांची अलाइनमेंट मात्र गॅरेजमध्येच करून घ्यावी लागली. तिथल्या माणसाने खाली वाकून पाहिलं आणि ‘‘काम चांगलं झालंय, कुणी केलं?’’ असं विचारलं. यांनी छाती फुगवली. मी रस्त्याकडे पाहिलं.

आता नवीन अडचण. रेडिओ बंद झाल्यापासून यांना गाडीतले इतर आवाज ऐकू येऊ लागलेत. मागच्या ब्रेकमधून काहीतरी घासतं म्हणे. काल रात्री झोपताना पाना उशाशी होता. मामा, तुम्ही फोन करून साफ नाही म्हणून सांगा. तुमचं तेवढं ऐकतील. नाहीतर भाऊजींचे व्हिसाचे कागद करा.

आत्या, येणाऱ्या माणसाबरोबर हुलग्याचं पीठ पाठवा, शेंगोळ्यांची आठवण फार येते. कान्हूराज महाराजांच्या देवळात आमच्या नावाने नारळ फोडा. गुडघ्यांना रोज तेल लावा.

तुमची सून

ता. क. भाऊजींसाठी एक टॉर्क पाना घेऊन कपाटात साड्यांखाली ठेवला आहे. यांना यातलं काही बोलू नका, नाहीतर केंदूरला पोचायच्या आधीच तो मागच्या ब्रेकला लागेल.