ए ड्राइव्हची वारसनोंद

दर दिवाळीच्या झाडलोटीत आमची मंडळी माझा जुना कॉम्प्युटर उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवतात आणि मी तो परत आत आणतो. भंगारवाल्याला हा खेळ आता पाठ झालाय. तो गाडा थांबवतही नाही, लांबूनच विचारतो, "यंदा बी नाही का, मालक?"

त्या कॉम्प्युटरात जीव अडकण्यासारखं काही नाही. मॉनिटर धान्याच्या कोठीएवढा, की-बोर्डवरचा 'क' कधीचाच गेलेला. पण कॅबिनेटच्या पोटाशी एक फट आहे. ती फ्लॉपी ड्राइव्हची. अंतरवाली सराटीत तेवढीच उरली असावी. पंचक्रोशीतली शेवटचीही असेल, पण गावाचं नाव आधीच इतकं मोठं झालंय की आणखी एक विक्रम त्याच्या डोक्यावर द्यायचा माझा विचार नाही.

वडीगोद्रीच्या फाट्यावर माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, वाढदिवसाचे बॅनर, सगळी मराठवाड्याची सुखदुःखं मी टाइप केलेली आहेत. छपाई मात्र जालन्याला. म्हणजे पत्रिका इथं जुळवायची, फ्लॉपीत भरायची, खिशात घालायची आणि एसटीनं निघायचं. दीड-दोन तास उभं राहून प्रेसवर पोचावं, तिथल्या पोरानं फ्लॉपी आत सारावी, यंत्रानं घसा खाकरावा आणि पडद्यावर यावं की आत काही नाही. तोवर नवरदेवाचे चुलते चहा पिऊन दोनदा घड्याळ बघून झालेले असायचे. पुढं मी एकाच पत्रिकेच्या तीन फ्लॉप्या नेऊ लागलो, तर तिन्ही एकमताने जायच्या. आमच्या भावकीत तेवढं एकमत मी कधी बघितलं नाही.

एकदा तर निव्वळ माझीच चूक. तेव्हा मी तंबाखू खायचो. फ्लॉपी आणि चुन्याची डबी एकाच खिशात. फ्लॉपीला ते पत्र्याचं सरकतं झाकण असतं, त्याच्या फटीतून चुना आत गेला. प्रेसवाल्यानं ती उलटीपालटी केली, नखानं झाकण सरकवलं आणि गंभीरपणे म्हणाला, "तुमच्या फ्लॉपीला कोणीतरी चुना लावलाय." त्या दिवशी तंबाखू सोडली. पंधरा दिवसांनी फ्लॉपीसाठी वेगळी डबी केली आणि तंबाखू परत धरली.

फ्लॉपीचा हिशोबही मोठा बेरकी. पाकिटावर १.४४ एमबी लिहिलेलं असायचं. चकतीच्या दोन बाजू, प्रत्येकीवर ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात १८ कप्पे, प्रत्येक कप्प्यात ५१२ बाइट. गुणाकार येतो १४,७४,५६० बाइट. आता याला १.४४ एमबी म्हणायचं तर केबी १०२४ चा धरावा लागतो आणि एमबी मात्र हजार केबींचा. एका वाक्यात दोन मापं! हे आकडे लावणाऱ्या कंपन्यांनी आमच्याकडच्या आडत्यांचा कित्ता गिरवला की आडत्यांनी त्यांचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

एक मात्र मान्य करायला हवं. जुन्या फाँटात मराठीचं एक चिन्ह एका बाइटात मावायचं. आजच्या युनिकोडमध्ये साधारण तीन बाइट लागतात. म्हणजे तेव्हा एका फ्लॉपीत अख्खी कादंबरी बसायची. आज माझा मेहुणा सकाळी गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' लिहून फोटो पाठवतो, तो एका फ्लॉपीत मावणार नाही. मजकूर दोनच शब्दांचा, आणि तोही मी कधी वाचत नाही.

रोगराईही फ्लॉपीतूनच पसरायची. १९९० मध्ये भारतातच सापडलेल्या एका व्हायरसचं नाव होतं 'जोशी'. ५ जानेवारीला यंत्र सुरू केलं की ते अडून बसायचं आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला सांगायचं. निमूटपणे टाइप केलं तर पुन्हा कामाला लागायचं. इतका सुसंस्कृत व्हायरस नंतर झाला नाही. नुसत्या शुभेच्छा मागायचा, केक आणि बॅनरसुद्धा नाही! हल्ली तालुक्याला कोणाचाही वाढदिवस असला तरी चौक अडतो आणि बॅनर मलाच जुळवावे लागतात. मी जालन्यात क्लास करत होतो तेव्हा आमच्या बॅचला जोशी आडनावाचा एक मुलगा होता. बिचाऱ्याचा वाढदिवस ऑगस्टात, पण जानेवारी लागला की सगळे त्याच्याकडं संशयानं बघायचे आणि त्याची फ्लॉपी कोणी हातात घ्यायचं नाही. तिकडं पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी असल्या व्हायरसांवर औषध लिहिलं आणि त्यातून क्विक हीलसारखी कंपनी उभी राहिली. फ्लॉपीनं कोणाचं तरी भलं केलं म्हणायचं.

माझा पोरगा एकदा विचारत होता, "पप्पा, कॉम्प्युटरात सी ड्राइव्ह आहे, डी आहे, मग ए आणि बी कुठंयत?" त्याला म्हटलं, ए आणि बी फ्लॉपीचे होते. दोघंही वारले. पण वारसनोंद झालेली नाही, त्यामुळं सातबाऱ्यावर नावं तशीच आहेत आणि सी बिचारा तिसऱ्या नंबरचा वहिवाटदार म्हणून अजून कसतोय. पोराला नाही कळलं. मागं बसलेल्या गिऱ्हाइकाला कळलं. त्याच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबा होते.

तर अशी ही वस्तू मी का ठेवली? मंडळींना मी जपानचा दाखला दिला. फ्लॉपीचा मोठा कारखानदार सोनी, त्यानं २०११ मध्ये धंदा बंद केला. तरी जपान सरकारचे हजारावर नियम असे होते की कागदपत्रं फ्लॉपी नाहीतर तसल्याच कशावर तरी भरून द्या. तिथल्या तारो कोनो नावाच्या मंत्र्यानं २०२२ मध्ये फ्लॉपीविरुद्ध चक्क युद्ध पुकारलं आणि ते जिंकायला त्याला २०२४ चा जून संपावा लागला. अमेरिकेचं अणुबाँबचं निरोपाचं यंत्र तर २०१९ पर्यंत ताटाएवढ्या आठ इंची फ्लॉपीवर चालायचं. मी म्हटलं, "बघ, जगाचा नाश करायचा म्हटलं तरी आधी फ्लॉपी चालली पाहिजे." मंडळी म्हणाल्या, "मग ती तिकडं पाठवा. मला तिथं कांदे ठेवायचेत."

पण या यंत्राचा खरा उपयोग २०२३ सालीच झाला होता. १ सप्टेंबरला गावात मराठा आरक्षणाच्या उपोषणावर लाठीमार झाला. त्यात विनोदाचं काही नाही. त्यानंतर मात्र महाराष्ट्र आमच्या वाटेला लागला. ज्या गावाची पाटी वाचायला एसटीचा कंडक्टरही वाकायचा, ते गाव 'अंतरवाली' की 'आंतरवाली' यावर पेपरांचं एकमत होईना. १४ ऑक्टोबरच्या सभेला तर फाट्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. आणि कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यावर जुन्या कागदांना जी किंमत आली, ती तेव्हा कापसालाही नव्हती.

आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं. त्यामुळं दप्तरात कुठं मोडी, कुठं उर्दू. घरोघरी पेट्या उघडल्या, कागद निघाले, पण वाचणार कोण? मोडी शाळेतून जाऊन किती वर्षं झाली! एक निवृत्त गुरुजी होते. हौस म्हणून मोडी शिकलेले, आणि त्याबद्दल घरी माझ्यासारखीच बोलणी खाणारे. ते एकाएकी गावोगाव बोलावणं येणारे वैद्य झाले. माझ्या दुकानातल्या बाकावर बसायचे, भिंगातून बघायचे. लोक श्वास रोखून उभे. "ही नोंद नाही," ते म्हणायचे, "ही म्हैस विकल्याची पावती आहे." माझं झेरॉक्स मशीन तापून बंद पडायचं, गुरुजी तापायचे नाहीत.

अशा एका दुपारी आप्पा आले. काखेत स्टीलचा डबा, डब्यात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली निळी फ्लॉपी, तिच्यावर माझ्याच अक्षरात: 'वंशावळ २००१, हलवू नये.'

आठवलं. त्यांच्या भावकीनं तेव्हा कुलदैवताच्या जागरणात वाटायला बारा पिढ्यांची वंशावळ माझ्याकडून जुळवून घेतली होती. आता कुणबी दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी वंशावळ हवी, आणि छापील पुस्तिका वाळवीनं आधीच वाचून संपवलेली. आप्पा तालुक्याला जाऊन आले होते. तिथं एकाकडं यूएसबीचा नवा ड्राइव्ह होता, त्यानं फ्लॉपी घातली आणि सांगितलं की ही कोरी आहे.

कोरी नव्हती. गोष्ट अशी की माझ्या ड्राइव्हचं हेड थोडं सरकलेलं आहे, पहिल्यापासून. त्यामुळं त्यानं लिहिलेलं त्यालाच वाचता येतं. काही डॉक्टरांचं अक्षर कसं शेजारच्या एकाच मेडिकलवाल्याला लागतं, तसं. वीस वर्षं मी हा दोष लपवला होता. त्या दिवशी तो गुण ठरला.

दुकान पोरावर सोडून आप्पांना घरी नेलं, गुरुजीही कुतूहलानं मागं आले. कॉम्प्युटर कापसाच्या गोण्यांखालून काढला. सुरू होईना. रॅमची पट्टी काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. या देशातले निम्मे कॉम्प्युटर खोडरबरानं बरे झालेत. पडदा उजळला. आतली बॅटरी गेलेली असल्यामुळं तारीख दरवेळी १ जानेवारी २००२.

फ्लॉपी आत सारली. कर्र, कर्र, खट. कर्र, कर्र, खट.

"दळायला लागलं का?" आप्पांनी विचारलं.

"वाचतंय."

"एवढ्या मोठ्यानं?"

मग तो जुना सवाल पडद्यावर आला, डॉसचा: सोडू, परत बघू, की नापास करू? मी 'परत'चं बटण दाबलं. पुन्हा तोच सवाल. पुन्हा दाबलं. गुरुजींनी हळूच मोजायला सुरुवात केली. एकतिसाव्या खेपेला ड्राइव्हनं लांब उसासा टाकला आणि फाइल आली. पोराच्या दहावीच्या निकालालाही मला इतकं हायसं वाटलं नव्हतं.

उत्साहाच्या भरात मी ती लॅपटॉपवर नेली आणि उघडली. पडद्यावर बारा पिढ्यांच्या जागी कंस, टक्के, उद्गारचिन्हं आणि डोक्यावर टिंबं घेतलेली इंग्रजी अक्षरं. त्या काळी श्रीलिपी, आकृती, आयएसएम, ज्याची त्याची चूल वेगळी. एकाच्या फाँटातलं मराठी दुसऱ्याच्या घरात मराठी राहायचं नाही.

आप्पा वाकून बघत म्हणाले, "हे मोडी हाय का?"

गुरुजींनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. "नाही आप्पा. मोडी इतकी मोडलेली नसते."

शेवटी परत त्या म्हाताऱ्या यंत्राकडंच आलो. फाँट फक्त त्याच्याच पोटात होता. फाइल उघडली आणि मूळ पुरुषापासून सगळी भावकी रांगेत उभी राहिली. प्रिंटरची रिबन वाळून सुतळी झालेली, म्हणून आप्पांच्या नातवानं मोबाइलवर पडद्याचाच फोटो काढला. बारा पिढ्या त्या फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात होत्या. त्यांचा तो फोटो दोन फ्लॉप्यांतही मावला नसता.

आप्पांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवून खाली खाली येत गेले. आजोबा सापडले. वडील सापडले. दोन्ही भाऊ सापडले. बोट थांबलं.

"ह्यात मी कुठाय?"

मी घाम पुसला. २००१ साली बांधावरून आप्पांचं आणि थोरल्या भावाचं वाजलं होतं. मजकूर थोरल्यानंच दिला होता. मी टायपिस्ट, मला जे दिलं ते मी जुळवलं. पण पुस्तिका आप्पांनी कधी उघडून बघितलीच नव्हती, रागानं. आणि फ्लॉपी मात्र जपली होती, घराण्याची म्हणून.

"थोरलं आता राह्यलं नाही," आप्पा म्हणाले. "घाल माझं नाव. दोघांच्या मधी."

'क' नसलेल्या की-बोर्डावर मी त्यांचं नाव घातलं. सुदैवानं नावात 'क' नव्हता. "आता ह्याच्यातच ठेव," त्यांनी फ्लॉपीकडं बोट केलं. "नातवाच्या फोनातलं काय खरं नाही." फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी नखानं सरकवली, कारण २००१ मध्ये कोणी त्यात ढवळाढवळ करू नये म्हणून ती मीच उघडी ठेवली होती. कर्र, कर्र, खट. या खेपेला पहिल्याच दमात.

फाइलपुढं नवी तारीख पडली: १ जानेवारी २००२. मी आप्पांना बॅटरीचं सांगायला लागलो, पण गुरुजींनी माझ्या पायावर पाय दिला आणि तारीख मोठ्यानं वाचून दाखवली.

आप्पांनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे मिटून एकवीस वर्षं झाली," ते म्हणाले, आणि फ्लॉपी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली.

मंडळींनी न सांगता चहा आणला. कप ठेवायला जागा नव्हती, तर कॅबिनेटवर ठेवले.